जमीन शहराची, पैसा बिल्डरचा, गाळेवाल्याचे काय?

शहराच्या मध्यवस्तीत पालिकेची जुनी मंडई असते. गाळे मोडकळीला येतात, पालिकेच्या तिजोरीत दुरुस्तीला पैसा नसतो. मग बिल्डरला बरोबर घेण्याची बोलणी सुरू होतात आणि आम्हा दुकानदारांच्या पोटात गोळा येतो. कापडाच्या धंद्यात केस पिकल्यावर आम्हाला एवढे कळते की, भागीदारीत कोण तरला आणि कोण बुडाला हे करारनाम्यावरच ठरते. या दृष्टीने अमेरिकेतील बोस्टन शहराचा अनुभव व्यापारी बांधवांनी समजून घ्यावा.

तेथील क्विन्सी मार्केट ही ५३५ फूट लांबीची दगडी मंडई १८२६ साली सुरू झाली. दोन्ही अंगांना गोदामांच्या लांबलचक इमारती. मांस, भाजीपाला यांचा मोठा व्यापार तेथे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालला. १९६० नंतर घाऊक व्यापार दुसरीकडे हलविण्यात आला, इमारती ओस पडल्या. त्या पाडण्याचाही विचार झाला होता.

शहराने जागा विकली नाही. जेम्स राऊस यांच्या कंपनीला ती ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. भाडे नावापुरते, वर्षाला एक डॉलर. पण मालमत्ता कराऐवजी दुकानांच्या भाड्यात शहराचा वाटा ठरला. बाजार चालला तर शहरालाही चार पैसे जास्त, असा हिशेब. बँका मात्र बिचकत होत्या. न्यूयॉर्कच्या एका बँकेने निम्मे कर्ज कबूल केले, तेही उरलेले निम्मे बोस्टनच्या सावकारांनी द्यावे या अटीवर.

२६ ऑगस्ट १९७६ रोजी, जुन्या मंडईला दीडशे वर्षे झाली त्याच दिवशी, बाजार उघडला. तोपर्यंत पुरेशी दुकाने भरली नव्हती. म्हणून मोकळ्या जागी हातगाड्या मांडल्या आणि त्या आसपासच्या कारागिरांना थोड्या मुदतीच्या भाड्याने दिल्या. ज्याला दुकान परवडत नाही, अशा हाताने वस्तू बनविणाऱ्याला भर बाजारात जागा मिळाली. पहिल्याच वर्षी सुमारे एक कोटी लोक येऊन गेले.

आता दुसरी बाजू. पुढे तेथे मोठ्या कंपन्यांची साखळी दुकाने वाढली, आणि स्थानिक दुकानदारांची जागा आक्रसत गेल्याची तक्रार होत राहिली. राऊस कंपनी २००४ साली विकली गेली. २०११ मध्ये पट्टा आणखी एका कंपनीकडे गेला. ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला ते निघून गेले, कागद तेवढा राहिला. शिवाय ही नक्कल सगळीकडे साधली नाही. टोलेडो शहरात १९८४ साली उघडलेला पोर्टसाइड बाजार १९९० मध्ये बंद पडला.

तेव्हा अशी योजना आपल्या मंडईवर आली, तर नकाशातील काचेच्या भिंती पाहून भुलू नये आणि नुसता विरोधही करू नये. जमीन कोणाच्या नावावर राहणार, जुन्या गाळेधारकाला किती चौरस फूट आणि किती भाड्याने, काम चालू असताना धंदा कुठे करायचा, बिल्डर बदलला तर नव्यावर हे बंधनकारक आहे का, हे आधी विचारावे. उत्तर तोंडी घेऊ नये. सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे. कारागिरांसाठी चार हातगाड्यांची जागासुद्धा करारातच लिहून घ्यावी.