१९०५ चा हंगाम

‘फुटबॉल’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? पायाने चेंडू पुढे नेणारे खेळाडू, गोलरक्षक आणि त्याच्या मागचे जाळे. जवळजवळ साऱ्या जगात या शब्दाचा हाच अर्थ आहे. पण अमेरिकेत जाऊन तुम्ही फुटबॉल पाहायचा हट्ट धरलात, तर लोक तुम्हांला वेगळ्याच खेळाच्या मैदानावर घेऊन जातील. तेथे चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. खेळाडू तो हातात घेऊन पळतात. आपल्या फुटबॉलला तेथील लोक ‘सॉकर’ म्हणतात.

हा अमेरिकन फुटबॉल कॉलेजांत जन्मला आणि कॉलेजांतच वाढला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्ये पहिला सामना झाला. त्या दिवशी प्रत्येक संघात २५ खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळण्यास बंदी होती. पुढे रग्बीसारखे नियम आले, खेळाडू ११ झाले आणि खेळ पार बदलून गेला. शरद ऋतू सुरू झाला की कॉलेजांचे सामने सुरू होत आणि नोव्हेंबर संपेपर्यंत चालत. अशा एका वर्षाच्या सामन्यांना हंगाम म्हणतात. तुमच्या उर्दूत ‘हंगामा’ म्हणजे गोंधळ, गडबड. १९०५ साली अमेरिकेत या दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या.

काय झाले हे समजण्यासाठी तेव्हाचा खेळ कसा होता ते आधी पाहू. चेंडू ज्या संघाकडे असे, त्याला तीन प्रयत्न मिळत. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जायचे. यार्ड म्हणजे आपला गज, तीन फुटांचा. म्हणजे अंतर फक्त १५ फूट! ते कापता आले की पुन्हा तीन प्रयत्न मिळत, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जाई. चेंडू हाताने पुढे फेकण्यास मात्र सक्त मनाई होती. मग पुढे जायचे कसे? एकच उपाय उरला. एका खेळाडूने चेंडू छातीशी धरायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती दाटी करून, हातात हात गुंतवून, समोरच्यांच्या अंगावर चाल करून जायचे. चेंडूवाल्याला सोबती मागून ढकलत, पुढून ओढत. कबड्डीत एका चढाईवाल्याला सात जण पकडतात हे तुम्ही पाहिले आहे. येथे मात्र दोन्हीकडचे मिळून वीस-बावीस धिप्पाड तरुण एकाच ढिगात पडत. त्या ढिगाच्या तळाशी कोण कोणाला बुक्की मारतो, कोण कोणाचा गळा आवळतो, हे पंचाला दिसणार कसे? डोक्यावर कातडी टोपी घालण्याची सक्ती नव्हती. अनेकजण उघड्या डोक्यानेच खेळत.

म्हणून दर वर्षी हाडे मोडत आणि दर वर्षी काही मुले दगावत. वर्तमानपत्रांत मृतांच्या याद्या छापून येऊ लागल्या. थिओडोर रूझवेल्ट तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांना हा खेळ मनापासून आवडे. तो बंद व्हावा असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. पण असाच चालला तर लोकच तो बंद पाडतील, हे त्यांनी ओळखले. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. पाहुण्यांनी नियम मनापासून पाळण्याचे वचन लिहून दिले. वचन चांगले होते, पण नियम जुनेच होते. पुढच्याच महिन्यात खुद्द अध्यक्षांचा मुलगा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघातून येलविरुद्ध खेळला आणि त्याचे नाक मोडले.

२५ नोव्हेंबरला न्यूयॉर्क विद्यापीठ आणि युनियन कॉलेज यांचा सामना होता. युनियनचा हॅरोल्ड मूर चेंडूवाल्याला अडवण्यासाठी झेपावला. त्या झटापटीत त्याच्या डोक्याला मार लागला आणि त्याच दिवशी तो मरण पावला. हंगाम संपल्यावर वर्तमानपत्रांनी मोजदाद केली, तेव्हा देशभरातील मृतांची संख्या १८ च्या आसपास निघाली. त्यांतले बहुतेक कॉलेजचे नव्हते, तर तुमच्यासारखी शाळेतली मुले आणि गावोगावच्या संघांतले तरुण होते. मोठ्या कॉलेजांचे पाहून तेही तसेच खेळत होते.

याच हंगामात खेळाची दुसरी बाजूही दिसली. ३० नोव्हेंबरला शिकागो आणि मिशिगन यांचा सामना सुमारे २७ हजार लोकांनी पाहिला. मिशिगनचा संघ ५६ सामन्यांत हरला नव्हता आणि त्या वर्षी आधीच्या १२ सामन्यांत त्याने कोणाला एकही गुण मिळू दिला नव्हता. त्या दिवशी तो ०-२ असा हरला. इतका अटीतटीचा खेळ लोक सहज सोडून देतील का?

हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना मात्र तो नकोच होता. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅक्रॅकन यांनी एलियट यांना सर्व कॉलेजांची सभा बोलावण्याची विनंती केली. एलियट यांनी नकार दिला. तेव्हा मॅक्रॅकन यांनी स्वतःच सभा बोलावली. हा मला फार मोठा निर्णय वाटतो, कारण मूर त्यांच्याच विद्यापीठाविरुद्ध खेळताना गेला होता. डिसेंबरमधल्या पहिल्या सभेत फुटबॉल बंद करण्याचा ठराव थोडक्यात फेटाळला गेला. २८ डिसेंबरच्या दुसऱ्या सभेला साठाहून अधिक कॉलेजे आली. तेथून एक नवी संघटना उभी राहिली. आज तिला एन.सी.ए.ए. म्हणतात आणि अमेरिकेतील बहुतेक मोठ्या कॉलेजांचे खेळ तीच चालवते. काहींना तेवढ्याने धीर आला नाही. कोलंबिया विद्यापीठाने फुटबॉल बंदच केला. पश्चिमेकडील स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही विद्यापीठे रग्बी खेळू लागली.

आता नियम बदलायचे ठरले. पण कोणते? खेळाडूंची दाटी मोडणे हे मुख्य काम होते. एक सूचना अशी होती की मैदानच रुंद करावे. पण हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचे भलेमोठे स्टेडियम बांधले होते. मैदान रुंद करायचे तर ते फोडावे लागले असते! म्हणून ती सूचना मागे पडली असे सांगतात. दुसरी सूचना होती चेंडू पुढे फेकू देण्याची. या खेळाचे जुने जाणकार, येलचे वॉल्टर कँप, यांना ती फारशी पसंत नव्हती. तरी १९०६ मध्ये ती मंजूर झाली. शिवाय पाच यार्डांऐवजी आता तीन प्रयत्नांत दहा यार्ड जायचे होते. नुसत्या ढकलाढकलीने इतके पुढे जाणे कठीण होते. खेळाची वेळही ७० मिनिटांवरून ६० मिनिटे झाली.

५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा गावी सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने नव्या नियमाप्रमाणे पहिल्यांदा चेंडू पुढे फेकला. तो कोणाच्याच हाती लागला नाही, जमिनीवर पडला आणि नियमाप्रमाणे समोरच्या कॅरल कॉलेजला मिळाला. तुम्ही त्याच्या जागी असता तर पुन्हा फेकला असता का? रॉबिन्सनने त्याच सामन्यात पुन्हा फेकला. जॅक श्नायडरने तो पकडला आणि गुण मिळवले. त्या हंगामात सेंट लुईने ११ पैकी ११ सामने जिंकले.

तरी पूर्वेकडील मोठी कॉलेजे बरीच वर्षे जुन्याच पद्धतीने खेळत राहिली. मुलांचे मृत्यूही थांबले नाहीत. १९०९ मध्ये पुन्हा अनेक जीव गेले, म्हणून १९१० मध्ये चेंडूवाल्याला ढकलण्या-ओढण्यावर बंदी आली. डोक्यावर टोपी घालण्याची सक्ती कॉलेजांत झाली ती थेट १९३९ मध्ये.

१९१३ च्या उन्हाळ्यात नोटर डेम या तेव्हाच्या फारशा नावाजलेल्या नसलेल्या कॉलेजचे दोन खेळाडू, गस डोराय आणि नूट रॉक्नी, ईरी सरोवराच्या काठी सुट्टीत नोकरीला होते. कामातून वेळ मिळाला की ते वाळूत चेंडू फेकण्याचा आणि झेलण्याचा सराव करत. १ नोव्हेंबरला त्यांचा सामना वेस्ट पॉइंट येथे सैन्याच्या कॉलेजशी झाला. सैनिकी संघाचे तगडे जवान मध्यभागी दाटीने उभे राहिले. चेंडू पुन्हापुन्हा त्यांच्या डोक्यांवरून पुढे जात राहिला आणि नोटर डेमने सामना ३५-१३ असा जिंकला.