भिंतीवरची चीट

‘चिटाचा परकर’ म्हणजे काय, हे आपल्या आजीला समजावून सांगावं लागलं नसतं. चीट म्हणजे फुलावेलींचं छापील सुती कापड. सतराव्या शतकात ते हिंदुस्थानातून जहाजं भरभरून युरोपात गेलं आणि इंग्रजीत ‘चिंट्झ’ झालं. तिथल्या विणकरांनी ओरड केली, म्हणून फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. तरी फुलांची हौस काही संपली नाही. चिटासारखी फुलं भिंतीच्या कागदावरही आली.

१८४० नंतर यंत्रावर छापलेला स्वस्त वॉलपेपर निघू लागला. विल्यम मॉरिसने मात्र हातछपाईचीच वाट धरली. त्याचा ‘डेझी’ हा कागद १८६४ मध्ये आला. छपाई होई लंडनच्या जेफ्री कंपनीत.

आम्हा इंजिनिअर मंडळींना त्यातली खरी गंमत जुळणीत वाटते. प्रत्येक रंगाला लाकडाचा वेगळा कोरीव ठोकळा. तो रंगाच्या गादीवर टेकवायचा, मग कागदावर दाबायचा. ठोकळ्याच्या कोपऱ्यातल्या पिना बारीक खुणा सोडतात, त्या खुणांवर पुढची छाप बसवायची. आधीचा रंग वाळेपर्यंत थांबायचं. १८७५ च्या ‘अकँथस’ला असे ३० ठोकळे लागत! राजस्थानात बगरूचे छिपे कापडावर आजही असंच जुळवून छापतात.

पण मुलांना सांगताना दुसरी बाजूही सांगावी. कला सर्वांची असावी, हे मॉरिसचं म्हणणं; त्याचा कागद मात्र पैसेवाल्यांनाच परवडे. शिवाय सुरुवातीच्या हिरव्या रंगांत आर्सेनिक होतं, आणि ज्या खाणीतून आर्सेनिक निघे, तिचा तो १८७५ पर्यंत संचालक होता.

आता आपल्या भिंतींकडे वळू. अल गराफात ‘भाड्याचं घर, दोन वर्षांनी जायचंच आहे’ म्हणत आम्ही कित्येक वर्षं पांढऱ्या भिंतींत काढली. मुलांचं बालपण मात्र काही तात्पुरतं नसतं, ते याच भिंतींत सरतं. म्हणून सुचवावंसं वाटतं, की सुट्टीत गावी गेलात तर हाताने छापलेल्या कापडाचा दोन वार तुकडा आणा, वरच्या काठात काठी घालून टांगा. घरमालकाची हरकत नको म्हणून एकच खिळा पुरे. मग मुलांना विचारा, एक छाप संपून दुसरी कुठे सुरू झाली? कुठेतरी पाकळी केसभर सरकलेली दिसेल. तिथे कुणाचा तरी हात टेकला होता.