चोवीस तासांत पंधरा

पेशीच्या आत मालवाहतूक करणारे कायनेसिन नावाचे एक प्रथिन आहे. भरधाव असताना ते सेकंदाला शंभरेक पावले टाकते आणि दर पावलाला इंधनाचा, म्हणजे एटीपीचा, एक रेणू खर्च करते. त्याच वेगाने दिवसभर चालले तर खर्च ८६ लाख रेणूंवर जातो. आता दुसरे प्रथिन घ्या. नाव काय-सी, मुक्काम सायनोबॅक्टेरिया या जीवाणूंत. याचा एक घटक अख्ख्या दिवसात एटीपीचे किती रेणू जाळतो? सुमारे पंधरा. म्हणजे दीड-पावणेदोन तासांना एक.

जैविक लयींच्या संशोधनात डोळे विस्फारणारे आकडे पुष्कळ आहेत, पण मला सर्वांत जास्त थक्क करतो तो हा लहानसा आकडा. पेशीतले रसायन सेकंदाच्या हजाराव्या भागांत घडते. त्या धावपळीत वेगाने काम करणारे रेणू जागोजागी सापडतात. दिवस मोजता येईल इतके सावकाश चालायचे आणि तरी रोज वेळेवर पोहोचायचे, ही खरी अवघड कामगिरी.

२००५ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठात ताकाओ कोंडो यांच्या गटाने काय-ए, काय-बी आणि काय-सी ही तीन प्रथिने एटीपीबरोबर परीक्षानळीत मिसळली. पेशी नाही, जनुके नाहीत, सूर्यप्रकाशाचा इशारा नाही. तरीही काय-सीवर फॉस्फेट चढत राहिले, उतरत राहिले आणि प्रत्येक फेरीला साधारण चोवीस तास लागले. ही फेरी घड्याळासारखी दिवसामागून दिवस चालू राहिली. तापमान दहा अंशांनी वाढले की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. या घड्याळाचा जवळजवळ बदलत नाही. जिवंत जीवाणूत तर याहून नवल आहे. पेशी दिवसातून एकाहून अधिक वेळा विभागली तरी घड्याळ आईकडून लेकीकडे न अडखळता जाते. एकेका पेशीचा प्रकाश मोजून केलेल्या प्रयोगात दिसले, की शेजारणींशी सल्लामसलत न करताही ही लय काही महिने टिकू शकते.

याच घराण्यातला प्रोक्लोरोकोकस हा समुद्री जीवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. १९८०च्या दशकापर्यंत तो कोणाच्या लक्षातही आला नव्हता. आज जगातल्या समुद्रांमध्ये त्याच्या पेशी तीनावर सत्तावीस शून्ये इतक्या आहेत असा अंदाज आहे. त्याने उत्क्रांतीच्या ओघात काय-ए गमावले, त्यामुळे त्याचे यंत्र रोज पहाटे नव्याने लावावे लागते. ते काम सूर्य करतो. कोमट समुद्रात या पेशी दिवसाकाठी साधारण एकदा, दिवस कलल्यानंतर, विभागतात. पृथ्वी फिरते तशी ही विभाजनाची वेळ संध्याकाळबरोबर एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात सरकत जाते.

त्याच वेळी समुद्रात दुसरी एक हालचाल सुरू असते. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या सोनार यंत्रांना हजारो मीटर खोल पाण्यात, तीन-चारशे मीटरवरच ‘तळ’ दिसू लागला. तो तळ संध्याकाळी वर यायचा आणि सकाळी खाली जायचा. तो होता प्राण्यांचा थर: क्रिल, कोळंबीसारखे जीव, छोटे मासे, कोपेपॉड. वजनाने पाहिले तर पृथ्वीवरचे सर्वांत मोठे स्थलांतर हेच, आणि ते रोज होते. तीन मिलिमीटरचा कोपेपॉड तीनशे मीटर वर आला तर त्याने स्वतःच्या लांबीच्या एक लाख पट अंतर कापलेले असते. माणसाच्या मापाने हे मुंबईहून नाशिकला पोहत जाण्याइतके झाले, आणि उजाडायच्या आत परत फिरायचे. अंधार हाच इशारा असतो खरा, पण उत्तर अटलांटिकातले कोपेपॉड प्रयोगशाळेतल्या अखंड अंधारातही काही दिवस वेळ पाळतात.

आणि ही वेळ पाळायला जीवसृष्टीला किती सराव मिळाला? जीवन साडेतीन अब्ज वर्षांचे धरले आणि वर्षाचे ३६५ दिवस घेतले, तर सव्वा लाख कोटींहून अधिक सूर्योदय होतात. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त, कारण पूर्वी दिवस लहान होता. चंद्राच्या ओढीने पृथ्वीची गती मंदावते आहे; दिवस शतकाला दोनेक मिलिसेकंदांनी लांबतो. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या, सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांवरच्या रोजच्या वाढीच्या बारीक रेषा मोजल्या, तेव्हा वर्षाला चारशेच्या आसपास भरल्या. म्हणजे दिवस बावीस तासांचा. ज्यांच्या शरीरात घड्याळ होते त्या साऱ्या वंशांना ते पिढ्यान्‌पिढ्या लांबवत न्यावे लागले असणार.

आपले स्वतःचे घड्याळ तर आजच्या दिवसाशीही नेमके जुळत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या मोजमापानुसार माणसाची आतली फेरी सरासरी २४ तास ११ मिनिटांची आहे. रोजच्या प्रकाशाने ही ११ मिनिटे भरून निघतात. ज्या अंध व्यक्तींच्या मेंदूपर्यंत हा प्रकाश पोहोचत नाही, त्यांच्यापैकी अनेकांची झोप रोज थोडी पुढे सरकते. रोज ११ मिनिटांच्या हिशेबाने पूर्ण चक्कर मारून मूळ वेळेवर यायला सुमारे १३१ दिवस लागतील. मधले कित्येक आठवडे शरीराची मध्यरात्र भर दुपारी येते. या त्रासाला आळस म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

माणसाच्या शरीरात ३० ते ३७ लाख कोटी पेशी असल्याचे अंदाज आहेत. बहुतेक प्रकारच्या पेशींत जनुकांचे घड्याळ असते. संख्येने सर्वांत जास्त असलेल्या तांबड्या रक्तपेशींत तर केंद्रकच नाही, तरी २०११ मध्ये त्यांच्यातही चोवीस तासांची रासायनिक लय सापडली. या साऱ्यांना एकत्र ठेवणारे केंद्र उंदराच्या मेंदूत जेमतेम वीस हजार चेतापेशींचे असते, सुमारे सात कोटींपैकी. एवढ्याशा ठिपक्याची सत्ता १९९० मध्ये मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांच्या गटाने दाखवून दिली. त्यांच्याकडे वीस तासांचा दिवस पाळणारे हॅमस्टर होते. या हॅमस्टरच्या मेंदूतला तो ठिपका त्यांनी, आपले केंद्र गमावलेल्या साध्या हॅमस्टरमध्ये बसवला. तो प्राणी वीस तासांनी वागू लागला.

बबूनच्या ६४ ऊतींचा २०१८ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा प्रथिने बनवणाऱ्या ८२ टक्के जनुकांचे काम कुठल्या ना कुठल्या ऊतीत दिवसाच्या लयीत चढउतार करताना दिसले. उंदरांवरच्या २०१४च्या अभ्यासाने सांगितले, की अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या शंभर औषधांपैकी ५६ औषधे अशा लयबद्ध जनुकांच्या उत्पादनांवरच काम करतात. औषध किती घ्यायचे याबरोबर कधी घ्यायचे हाही प्रश्न असतो. त्यावर भरपूर काम होणे बाकी आहे आणि ते फक्त श्रीमंत देशांनीच करावे असे मुळीच नाही.

आपल्याकडे या विषयाची परंपरा आहे. मदुराईत एम. के. चंद्रशेखरन आणि सहकाऱ्यांनी वटवाघळांना काळ्याकुट्ट गुहेत पिंजऱ्यात ठेवले. मोकळी वटवाघळे रोज संध्याकाळी बाहेर पडत, पहाटे परतत. सूर्य न पाहणारे पिंजऱ्यातले वटवाघूळ केवळ त्यांच्या जाण्यायेण्यावर आपले घड्याळ लावत असे. एकटे ठेवले की त्याची वेळ भरकटायची. आणि नगरमध्ये, अहमदनगर महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात, हिमालयातल्या उंचावरच्या फळमाश्या कोशातून कधी बाहेर येतात आणि त्यात तापमानाचा वाटा किती, यावर काम झाले आणि आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापूनही आले. फळमाशीचीच निवड उगाच नसते: १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना घड्याळाच्या जनुकाचा पहिला माग तिच्यातच लागला होता, आणि तिची पिढी दहाएक दिवसांत तयार होते.

कळसूबाईच्या उंचीवरची माशी आणि कोकणपट्टीतली माशी एकाच वेळी कोशाबाहेर येतात का? हे पाहायला एक अंधारी खोली, तापमान स्थिर ठेवणारी पेटी, केळ्याचा लगदा आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, माश्या मोजणारी चार मुले-मुली पुरतात.