डिबगरची परीक्षा आणि स्वतंत्र स्टॅक-उलगडक

पन्हाळ्याच्या तीन मजली अंधारबावीतून वर येताना मजले उतरल्याच्या उलट क्रमाने लागतात. संगणकातील फंक्शनांचेही तसेच आहे. एक फंक्शन दुसऱ्यास बोलावते तेव्हा परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवला जातो; थांबलेल्या प्रोग्रॅमचे हे पत्ते शेवटच्यापासून मागे वाचीत जाणे म्हणजे स्टॅक उलगडणे होय. डिबगर हे कार्य बहुधा कंपायलरने लिहिलेल्या ड्वार्फ-कोष्टकांच्या आधारे करतो. कोष्टक चुकले, तर तो खोटी परंपराही खऱ्यासारखीच दाखवू शकतो.

म्हणून परीक्षेसाठी दुसरा उलगडक रचावा लागतो. मात्र तोही तीच कोष्टके वाचील, तर दोहोंच्या एकमताने डिबगरच्या वाचनास पुष्टी मिळेल, कोष्टकांच्या सत्यतेस नव्हे. साक्ष निराळी हवी. फ्रेम-पॉइंटर राखलेल्या ६४-बिट एक्स-८६ प्रोग्रॅममध्ये ती सुलभ असते : आरबीपी दर्शवील त्या स्थानी मागील आरबीपी, आणि त्यापुढे ८ बाइटांवर परतीचा पत्ता. फंक्शनच्या आरंभीच्या व अखेरच्या काही आज्ञांवर ही साखळी अपुरी पडते. तेथील मतभेद हा डिबगरचा दोष मानू नये. बास्तियां, केल व झाप्पा नार्देल्ली यांनी २०१९ साली कोष्टकांचीच पडताळणी करण्याची पद्धत मांडली, तिचे महत्त्व यातच आहे.