एम्बेडेडची तयारी: बेहालातल्या खोलीत बोर्ड, प्रोब आणि डीबगर

आज आपण मायक्रोकंट्रोलर शिकण्यासाठी टेबल कसं मांडायचं ते बघू. समजा तुम्ही कोलकात्यात बेहालाला खोली घेऊन राहता. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, पुणेकरांना जशी बुधवार पेठ, तसा इथे सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी चांदणी बाजार. जोका-माझेरहाट मेट्रो बेहालातून जाते, पण चांदणीपर्यंत थेट नेत नाही. एक वायर कमी पडली तर अर्धा दिवस जातो. म्हणून यादी आधी करा.

यादी छोटीच आहे: एसटीएम३२एफ१०३ चिपचा ‘ब्लू पिल’ बोर्ड, एसटी-लिंक प्रोब, चार जंपर वायर आणि साधा मल्टिमीटर. मल्टिमीटर टाळू नका. नवशिक्यांचे कितीतरी दिवस कोडमधली चूक शोधण्यात जातात आणि शेवटी चूक वायरमध्ये निघते. अनेकजण तिथेच विषय सोडतात. ते टाळायचं असेल, तर एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

पहिली पायरी, सॉफ्टवेअर. उबुंटूवर तीन गोष्टी बसवा: आर्मसाठीचा जीसीसी कंपायलर, जीडीबी-मल्टिआर्क आणि ओपन-ओसीडी. जीडीबी हा डीबगर. ओपन-ओसीडी हा जीडीबी आणि प्रोब यांच्यामधला दुभाषी. डॉमिनिक राथ यांनी २००५ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे पदविका प्रबंध म्हणून तो सुरू केला. बोर्ड जोडण्याआधी तिन्हींची आवृत्ती टर्मिनलवर छापून बघा. इथे अडलात, तर दोष हार्डवेअरचा नाही एवढं नक्की.

दुसरी पायरी, वायर. बोर्डला काहीही जोडलेलं नसताना ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड या पिनांमध्ये शॉर्ट नाही ना, ते मल्टिमीटरने बघा. मग प्रोबच्या चार वायर लावा: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ आणि एसडब्ल्यूसीएलके. शेवटच्या दोन डीबगिंगच्या: एक डेटाची, एक घड्याळाची. प्रोबवर ५ व्होल्टचीही पिन असते. ती ३.३ च्या पिनवर लावली तर चिप जळू शकते. प्रोबकडून वीज देत असाल, तर बोर्डची स्वतःची यूएसबी केबल काढून ठेवा.

तिसरी पायरी, ओळख. ओपन-ओसीडीला दोन फाइली सांगायच्या: प्रोबची आणि चिपची. सगळं जुळलं तर तो ६ ब्रेकपॉइंट आणि ४ वॉचपॉइंट मिळाल्याचं सांगतो. तोवर कोडला हात लावू नका.

प्रोबच सापडत नसेल, तर लिनक्सवर बहुधा परवानगीचा प्रश्न असतो. दरवेळी सुडो वापरण्यापेक्षा यूडेव्हचा नियम एकदाच बसवा. प्रोब सापडला पण चिप नाही, तर डीबगिंगच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे का बघा. तरीही नाही, तर आधीच्या प्रोग्रॅमने डीबगच्या पिना दुसऱ्या कामाला लावल्या असतील. रीसेटचं बटण दाबून धरा, जोडणीची आज्ञा द्या आणि लगेच बटण सोडा. किंवा बूट-शून्य जंपर १ वर ठेवून रीसेट करा, म्हणजे जुना प्रोग्रॅम चालणारच नाही.

आणखी एक शक्यता: चिपचा ओळख क्रमांक १बीए०१४७७ अपेक्षित असताना २बीए०१४७७ आला. म्हणजे बोर्डवर मूळ चिप नाही, तिची नक्कल आहे. चिपच्या फाइलमधला अपेक्षित क्रमांक बदलला तर शिकण्यापुरतं काम चालतं. पण विकायच्या वस्तूत अशी चिप घालू नका.

चौथी पायरी, डीबगर. जीडीबी उघडून ३३३३ या पोर्टला जोडा, चिप रीसेट करून थांबवा, प्रोग्रॅम चढवा, ‘मेन’वर ब्रेकपॉइंट लावा आणि पुढे चालू द्या. प्रोग्रॅम ‘मेन’वर थांबला, की तुमची साखळी पूर्ण झाली.

पहिला प्रयोग अर्थात एलईडीचा. ब्लू पिलवरचा एलईडी पीसी-१३ पिनवर आहे आणि तो उलटा जोडलेला असतो: पिन शून्य केली की पेटतो, एक केली की विझतो. हे माहीत नसेल तर बरोबर कोडही चुकीचा वाटतो. म्हणून नुसत्या दिव्यावर विसंबू नका. डीबगरमधून रजिस्टर वाचा, मग मल्टिमीटरने पिनवरचा व्होल्टेज मोजा. दोन्ही जुळले तर कोड बरोबर आहे.

चालू झालेल्या जोडणीचा वायरींच्या रंगांसकट फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी काही अडलं, तर तपासणी तिथूनच सुरू करा. भेटू पुढच्या भागात.