तुकडा नेमका कुठला?

मोठ्या आतड्याच्या दहापैकी नऊहून अधिक कॅन्सरची सुरुवात आतल्या अस्तरातल्या ग्रंथींपासून होते. या जातीला अ‍ॅडिनोकार्सिनोमा म्हणतात. ती इतकी सर्रास आढळते, की दुर्बिणीत गाठ दिसली की निदान जवळपास झालेच असे वाटू लागते. उरलेल्या मोजक्या रुग्णांचा घात होतो तो इथेच. जिस्ट नावाच्या गाठीचेच पाहा. ही गाठ स्नायूच्या थरात वाढते, वरचे अस्तर पुष्कळदा शाबूत असते. दुर्बिणीतून सोडलेला चिमटा त्या अस्तराचाच चिमूटभर तुकडा आणतो आणि रिपोर्ट येतो, ‘कॅन्सर आढळला नाही’. रिपोर्ट खोटा नसतो, पण तपासलेला तुकडा गाठीचा नसतो. अशा वेळी दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने गाठ कोणत्या थरात आहे ते पाहून सुईने तिथलाच नमुना घ्यावा लागतो. मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या लांबट पेशी साध्या स्नायूच्या की जिस्टच्या, हे नुसत्या नजरेने सांगणे अवघड. सीडी११७ या प्रथिनाचा मार्कर लावल्यावर पेशींवर तपकिरी रंग चढला, तर कौल जिस्टकडे झुकतो. या भेदावर पुढचे सगळे अवलंबून आहे. जपानी संशोधकांनी १९९८मध्ये या गाठींतला केआयटी जनुकातला बिघाड दाखवून दिला, आणि २००२मध्ये अमेरिकेत त्याच बिघाडावर नेम धरणारी इमॅटिनिब ही गोळी जिस्टसाठी मंजूर झाली. नेहमीच्या केमोथेरपीला दाद न देणारा आजार गोळीने आटोक्यात येऊ लागला. लिम्फोमात, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरात, मात्र मुख्य भिस्त केमोवरच असते. मलाशयातला मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्य पेशींचा कॅन्सर, तर कित्येकदा काळा नसतोच, म्हणून तो साधा कॅन्सर समजला जाण्याची भीती मोठी.

इतक्या विरळा आजारांसाठी प्रत्येकाला महागड्या तपासण्या कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या प्रत्येकाला करायच्याच नाहीत. स्लाइडवर ग्रंथींची रचना स्पष्ट असेल तर बहुतेकदा तिथेच निर्णय होतो. स्कॅन एक सांगतो आणि स्लाइड दुसरेच, किंवा पेशी कुठल्याच ओळखीच्या साच्यात बसत नाहीत, तेव्हा मार्करचा खर्च चुकीच्या ऑपरेशनपुढे काहीच नाही. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीतीही घरोघरी असते. आतड्याच्या आतून चिमट्याने घेतलेल्या तुकड्याबाबत तिला आधार नाही. उलट तुकडा टाळला तर आपल्याकडे आणखी एक धोका आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळतात तिथला क्षयरोग हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो, आणि तो औषधांनी बरा होतो. म्हणून शंका असेल तर सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये टाकू नयेत. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही. एक-दोन तुकडे साध्या सलाइनमध्ये वेगळे पाठवावे लागतात, आणि ती सलाइनची बाटली दुर्बीण आत घालण्यापूर्वीच मागवून ठेवायला हवी.