चित्रात माणूस केवढा?

चित्र पाहावे कसे, असे कोणी विचारले तर आम्ही एक सोपी खूण सांगतो. चित्रात आधी माणूस शोधा. तो केवढा काढला आहे, कुठे उभा आहे, त्याच्या शेजारचे झाड, डोंगर, जनावर केवढे आहे, ते बघा. निसर्गाशी त्या लोकांचे नाते काय, ते तिथे कळते. तोंडाने माणूस काहीही बोलेल, पण चित्र काढताना हात खरे बोलून जातो.

आधी घराजवळचे पाहू. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली लोक राहतात. डोंगर, जंगल आणि भातशेती यांवर त्यांचा संसार. घराच्या भिंती कुडाच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. लग्न ठरले की भिंतीवर गेरूचा हात फिरतो. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, काडीचे टोक चावून मऊ करायचे, की झाला कुंचला. मग सवाशिणी बसून चौक काढतात. चौकाच्या मधोमध पालघट देवी. ही झाडापेऱ्याची, पिकाची, वाढीची देवी. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे बघा, दोन माणसांचा संसार मांडायचा, तर पहिले बोलावणे शेताशिवाराच्या देवीला!

यांची माणूस काढायची रीत अगदी साधी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवायचे, वर वाटोळे डोके, हातापायांच्या काड्या. झाड मात्र पान न् पान काढलेले असते. कोंबडी, बैल, मुंग्यांची रांग, सगळ्यांना जागा असते. वाघही असतो, आणि वाघाला तर हे लोक देव मानून पुजतात. तारप्याचा नाच असेल तर मधे तारपा वाजवणारा आणि भोवती हातात हात गुंफलेली माणसे. त्यांत पाटील कोणता आणि गडी कोणता, ते काही ओळखू येत नाही.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच चित्रे कागदावर, कापडावर आणली आणि देशोदेशी नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे एक चित्र आहे. बारीक बारीक रेघांचे जाळे सगळ्या चित्रभर पसरलेले, आणि जाळे टाकणारा माणूस एवढासा. म्हसे मोठे चित्रकार होतेच. पण त्यांच्या आधी ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या भिंती रंगवल्या, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. भिंत पुन्हा सारवली की चित्र गेले.

आता लांब जाऊ. चीन देशात सुमारे हजार वर्षांपूर्वी फान क्वान नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याने रेशमी कापडावर शाईने एक चित्र काढले. ते सुमारे पावणेसात फूट उंच आहे, म्हणजे उभ्या माणसाच्याही वर. समोर नुसता डोंगर! काळा, रुंद, अंगावर येणारा कातळ. त्याच्या कपारीतून दोऱ्यासारखा बारीक धबधबा पडतो. खाली झाडी, झाडीत देवळाची छपरे. आणि माणूस कुठे? तर तळाशी, उजव्या हाताला. पाठीवर ओझी घेतलेला खेचरांचा तांडा चालला आहे आणि त्याच्याबरोबर दोन माणसे. पहिल्या नजरेत ती दिसतही नाहीत. पण ती भ्यालेली नाहीत हो. आपला माल घेऊन आपल्या वाटेने निघाली आहेत. डोंगर मोठा आणि आपण लहान, यात त्या चित्रकाराला कमीपणा वाटला नाही. स्वतःचे नावसुद्धा त्याने तांड्याच्या मागच्या झाडीत, पानांमध्ये लपवून लिहिले. ते शेकडो वर्षे कोणाच्या नजरेस आले नाही. १९५८ साली एका अभ्यासकाला ते सापडले. हे चित्र आज तैवानमध्ये तैपेई शहरातल्या संग्रहालयात आहे.

आता इंग्लंडातले पाहा. तेही लग्न झालेल्या जोडप्याचेच आहे. अँड्रूज नावाच्या जमीनदाराचे १७४८ साली लग्न झाले. पुढे १७५०च्या सुमारास टॉमस गेन्सबरो या चित्रकाराने नवराबायकोचे चित्र काढले. डाव्या हाताला मोठे झाड. झाडाखाली बाकावर निळ्या रेशमी पोशाखातली बाई. शेजारी यजमान उभे, काखेत बंदूक, पायाशी कुत्रा. उजव्या हाताला त्यांची जमीन, लांबच लांब. गहू कापून पेंढ्या रचून ठेवल्या आहेत. धसकटांच्या ओळी तिफणीने पेरल्यासारख्या सरळ. पलीकडे कुरणात मेंढरे. आकाशातले ढग तर असे काढले आहेत की आता पाऊस येतो की काय, असे वाटावे.

पण कोणीही शेतकरी हे चित्र पाहून आधी एकच गोष्ट विचारील. हे पीक कापले कोणी? विळा नाही, डोक्याला फडके बांधलेली मजूर बाई नाही, गडी नाही. सगळ्या शेतात माणूस नाही. जमीन आहे ती मालकाच्या पाठीमागे, सातबाराच्या उताऱ्यासारखी मांडलेली. आम्हांला हे चित्र आवडते, पण पटत नाही. आम्ही शाळेत मुलांना आपले शेत काढायला सांगत असू, तेव्हा ती आधी बैल काढीत, मग बाप, आणि स्वतःला कुठेतरी बांधावर बसवीत. एक गंमत म्हणजे त्या बाईच्या मांडीवर थोडी जागा कोरीच राहून गेली आहे. तिथे काय यायचे होते, यावर जाणकार अजून वाद घालतात.

कोकणातल्या वाचकाला मात्र जपानचे चित्र लवकर कळेल. होकुसाई नावाच्या चित्रकाराने ते सत्तरीला टेकल्यावर, १८३१च्या सुमारास केले. चित्र लाकडावर कोरायचे, शाई लावायची आणि कागदावर छापायचे, अशी ती रीत. त्यामुळे त्याच्या पुष्कळ प्रती निघाल्या आणि साध्या माणसालाही ते विकत घेता आले. चित्रात एक भली मोठी लाट उठली आहे. तिचा फेस वाघनखांसारखा खाली वाकला आहे. खाली तीन होड्या, आणि वल्हेकरी वल्ह्यांना बिलगून वाकलेले. दूर मागे फुजी पर्वत दिसतो. जपानमधला सर्वांत उंच पर्वत तो, पण या लाटेपुढे टेकडीएवढा झाला आहे. होड्या तरल्या की बुडाल्या, ते चित्र सांगत नाही. जपान सरकारने २०२४ साली एक हजार येनची नवी नोट काढली. तिच्या एका बाजूला रोगजंतूंचा शोध घेणारे डॉक्टर कितासातो आहेत, दुसऱ्या बाजूला ही लाट. त्या नोटेवर होड्याही आहेत. फक्त त्यांतली माणसे पाहायची तर नोट डोळ्यांजवळ धरावी लागते.